उजव्या कानामागच्या तिळाचा फोटो रद्द होऊन माणूस तपासला जाण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख वैद्यकीय अधिकारी,
दूरस्थ त्वचा तपासणी कक्ष,
मध्यवर्ती रुग्णालय, दुसरा मजला.

अर्जदार : केशकर्तनालय चालक (रुग्णाचा सख्खा धाकटा भाऊ).

विषय : माझ्या थोरल्या भावाच्या उजव्या कानामागील तिळाचा फोटो माझ्या हातून बिघडलेला असल्याने तो रद्द समजावा व भावाला समक्ष तपासावे, असा आदेश होण्याबाबत.

संदर्भ : (१) आपल्या कक्षाचा अहवाल, शेरा : "साधा तीळ. पुन्हा दाखवण्याची गरज नाही."
(२) माझे यापूर्वीचे तीन अर्ज. पोच मिळाली, उत्तर नाही.
(३) आपल्या कक्षातील डॉक्टरबाईंशी फोनवर झालेले बोलणे, सुमारे चार मिनिटे.

महोदय,

१. आधीचे तिन्ही अर्ज मी झेरॉक्सच्या दुकानात टाइप करून घेतले होते. त्यांची भाषा चांगली होती. त्यांत सगळे होते, फक्त खरे काय घडले तेवढे नव्हते, कारण ते लिहायची मला लाज वाटत होती. हा चौथा अर्ज मी स्वतःच्या हाताने लिहितो आहे. भाषा कुठे कचेरीची तर कुठे दुकानातली होईल, ती सांभाळून घ्यावी. अर्ज लांबला आहे हे मला कळते. तरी शेवटपर्यंत वाचावा, अर्ध्यावर शेरा मारू नये, ही पहिली विनंती.

२. मी गेली सव्वीस वर्षे केस कापतो. दोन खुर्च्यांचे दुकान आहे. एका खुर्चीवर काम चालते, दुसरीवर पुढचे गिऱ्हाईक पेपर वाचत बसते. माझा थोरला भाऊ, त्याला यापुढे दादा म्हणतो, रस्त्यावर पांढरे पट्टे मारणाऱ्या टोळीचा मुकादम आहे. तीस वर्षे वाकून उन्हात काम. टोपी घाल म्हणून वहिनींनी जिवाचा आटापिटा केला, पण टोपीने डोके तापते असे त्याचे शास्त्र आहे. दर चौथ्या रविवारी तो माझ्याकडे केस कापायला येतो. दुसऱ्या कोणाच्या हातात त्याने आजवर डोके दिलेले नाही. त्यामुळे त्याच्या कानामागची जागा अख्ख्या जगात मलाच काय ती माहीत आहे. त्याला स्वतःला ती दिसत नाही. वहिनी नवऱ्याच्या कानामागे कशाला बघायला जातील? आपल्या कक्षाने ती एकदा पाहिली, तीही पडद्यावर. मी ती वर्षातून तेरा वेळा पाहतो, वीतभर अंतरावरून, चांगल्या उजेडात.

३. तीळ जुना आहे. लहानपणापासून काडीपेटीच्या काडीचे गुल असते तेवढा होता. माझ्याकडे मोजपट्टी नसते, कंगवा असतो. गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर तो मला जरा वेगळा वाटला, म्हणून बारीक दातांच्या बाजूने मोजला. चार दात भरले. डिसेंबरात पाच झाले. जानेवारीत सहा, आणि एक कड उसवलेल्या काजासारखी दिसू लागली. वस्तरा नुसता जवळून गेला तरी रक्ताचा थेंब यायचा. मी दादाला म्हटले, दाखवून घे. तो म्हणाला, "तू केस काप, डोकं मी वापरतो." हा त्याचा नेहमीचा विनोद आहे आणि मी नेहमी हसतो. त्या दिवशी हसलो नाही. वहिनींच्या कानावर घातले, तेव्हा कुठे स्वारी हलली. मला भीती कशाची आहे ते एकदाच स्पष्ट लिहितो. मला त्वचेच्या कॅन्सरची भीती आहे.

४. आमच्या वस्तीच्या आरोग्य केंद्रात पूर्वी डॉक्टर बघायचे आणि शंका आली तर मध्यवर्ती रुग्णालयात पाठवायचे. आता भिंग बसवलेल्या मोबाइलवर केंद्रातल्या परिचारिका ताई फोटो काढतात, तो आपल्याकडे येतो, आणि घरबसल्या तज्ज्ञाचे मत मिळते. सोय चांगली आहे. तिच्याविरुद्ध माझी तक्रार नाही, हे कृपया लाल पेनाने अधोरेखित करावे, कारण आधीच्या अर्जांवर "यंत्राविरुद्ध तक्रार" असा शिक्का बसून ते भलत्याच टेबलावर गेले, असे मला खिडकीवर सांगण्यात आले.

५. आता माझी चूक.

फोटो काढायचा म्हटले की माणूस आधी काय करतो? नीटनेटका होतो. पासपोर्टचा फोटो असो, नोकरीच्या अर्जाचा असो, लोक आधी माझ्याकडे येतात आणि मग स्टुडिओत जातात. फेब्रुवारीत केंद्रात जायच्या दिवशी सकाळी मी दादाला दुकानात बसवला. केस आडवे येऊ नयेत म्हणून कानामागची जागा वस्तऱ्याने साफ केली. तिळावरची खपली निघाली, रक्त आले. मी तुरटी लावली. नुसती टेकवली नाही, दाबून धरली, रक्त थांबेपर्यंत दोनदा. वर पावडर मारली, ब्रशने झटकली, मागे आरसा धरून दादाला दाखवले. त्याने मान डोलावली. सव्वीस वर्षांत माझ्या हातून ज्याला ज्याला कापले, त्याला मी असाच ठाकठीक करून घरी पाठवला आहे. यात माझा विचार काहीच नसतो, हात आपला आपण चालतो. तुरटीने कातडी आखडते, कडा मिटतात, वर पांढुरकी साय धरते. आपण डॉक्टर आहात, मी आणखी काय सांगू?

६. केंद्रात ताईंनी फॉर्म भरला. त्यात प्रश्न होता, रक्त येते का. दादा नाही म्हणाला. मी शेजारीच उभा होतो. मी बोलका माणूस आहे, धंद्यानेच. गिऱ्हाइकाच्या सासरवाडीपर्यंतच्या चौकशा करतो. पण त्या क्षणी मला वाटले, फोटोत सगळे दिसेलच, शिकलेल्या माणसांच्या कामात आपण मध्ये कशाला तोंड घाला? ते एक वाक्य मी बोललो असतो तर हा अर्ज लिहायची वेळ आली नसती. हे माझ्या मनाला रोज टोचते.

७. नवव्या दिवशी संदर्भ क्रमांक एकचा अहवाल आला. दादाने तो घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला, तो आजही तिथेच आहे. कोणी तिळाचा विषय काढला की तो कागद काढून दाखवतो, आणि कोणी काढला नाही तर स्वतः विषय काढून दाखवतो. मीही सुटकेचा निःश्वास टाकला. एवढ्या मोठ्या कक्षाने सांगितले म्हटल्यावर माझा कंगवा कोण लागून गेला?

८. मार्चच्या रविवारी मी तीळ मोजलाच नाही. एप्रिलच्या रविवारी दादा पुन्हा खुर्चीत बसला. तीळ आठ दात झाला होता. एका बाजूला शाई सांडल्यासारखा निळसर, दुसऱ्या बाजूला लालसर. पुन्हा रक्त आले, पुन्हा माझ्या हाताने तुरटी उचलली आणि दाबली. मी खडा बाजूला केला आणि पाहतो तर तीळ फिक्कट, कोरडा, गरीब गाय झालेला. अहवालातल्या फोटोत होता अगदी तस्सा. दादा विचारत होता, काय झाले रे, थांबलास का. मी म्हटले, काही नाही, ब्लेड बदलतो. मागे जाऊन पाच मिनिटे नळ सोडून उभा राहिलो.

९. त्यानंतर मी कोणाकोणाचे उंबरठे झिजवले ते क्रमाने मांडतो. यात कोणाची बदनामी करायचा हेतू नाही. सगळे शिकलेले आणि आपापल्या परीने बरोबर आहेत, हेच तर माझे दुखणे आहे.

(अ) परिचारिका ताई म्हणाल्या, एका जागेचा फोटो बारा महिन्यांत एकदाच स्वीकारला जातो. दुसरा पाठवला तर पडद्यावर "आधीच निकाली" असे येते. डॉक्टरांनी "शंकास्पद" लिहून दिले तरच वाट मोकळी होते. बोलताना मी त्यांच्या मागच्या भिंतीकडे पाहत होतो, कारण तिथे दादाचा कान होता. आपल्या कक्षाने सगळ्या केंद्रांना एक तक्ता पाठवला आहे, "फोटो असा असावा" आणि "फोटो असा नसावा". "असा असावा" खाली दादाचा उजवा कान आणि तो तीळ, शेजारी बरोबरची हिरवी खूण. केस नाहीत, रक्त नाही, चकाकी नाही. ताईंना त्या फोटोबद्दल प्रशस्तिपत्र मिळाले आहे. त्यांनी ते मला कौतुकाने दाखवले. छान आहे म्हणालो आणि बाहेर आलो.

(आ) केंद्राचे डॉक्टर मनाने चांगले आहेत, माझेच गिऱ्हाईक आहेत. त्यांनी दार लावून घेतले आणि सांगितले की आपल्या कक्षाने त्यांना दोनदा लेखी कळवले आहे, की त्यांचे "शंकास्पद" शेरे फार वेळा चुकतात, त्यांनी जपून लिहावे. आता तज्ज्ञाने साधा ठरवलेल्या तिळाला मी शंकास्पद म्हटले तर तिसरे पत्र येईल, असे म्हणाले. मी विचारले, तुम्हाला स्वतःला काय वाटते. ते म्हणाले, "मला आता वाटेनासं झालंय." वीस वर्षे ज्यांनी आमच्या वस्तीच्या नाड्या पाहिल्या, त्यांचे हे उत्तर. मला त्यांचा राग आला नाही, वाईट वाटले.

(इ) मध्यवर्ती रुग्णालयाचे मोठे त्वचातज्ज्ञ यांच्या दारावर "येथे मोबाइलवरील फोटो पाहिले जाणार नाहीत" अशी पाटी आहे. म्हटले, हा आपला माणूस! चिठ्ठीशिवाय शिपाई आत सोडत नाही, म्हणून त्यांना जिन्यात गाठले. त्यांनी उभ्या उभ्या सगळे ऐकून घेतले, तुरटीचे सोडून, कारण ते मी तेव्हाही सांगितले नाही. ते म्हणाले की कातडी बोटांनी वाचायची असते, फोटोने नाही. पण त्यांच्या यादीत नावे घालतो आपला कक्ष, आणि तेही फक्त "शंकास्पद" ठरलेली. मी हात जोडून म्हटले, यादी राहू द्या, एकदा नुसते बघा. तेव्हा ते जे बोलले ते मी शब्दशः लिहितो. "फोटोंच्या चुका मी गुपचूप निस्तरत बसलो तर वर्षअखेरीला कागदावर एकही चूक उरणार नाही. मी लेखी कळवलंय. ज्यांनी फोटो पाहिला त्यांनीच निस्तरावं." तत्त्व म्हणून ते बरोबर असेल. पण ते तत्त्व आज माझ्या भावाच्या कानामागे वाढते आहे, त्याला मी काय करू?

(ई) खासगी डॉक्टरकडे का गेला नाहीत, असे आपण विचाराल. शहरात त्वचेचे खासगी डॉक्टर एकच होते. त्यांच्या दवाखान्याला कुलूप आहे. चौकशी केली तर कळले, ते आता घरी बसून फोटो पाहतात, आपल्याच कक्षासाठी.

१०. एवढे झाल्यावर माझे मन थाऱ्यावर राहिले नाही. जे गिऱ्हाईक बसेल त्याचे कान मी मुडपून बघू लागलो. एका मास्तरांच्या मानेवरचा डाग कंगव्याने तीनदा मोजला, ते उठून दुसऱ्या दुकानात गेले ते गेलेच. एका ड्रायव्हरला म्हटले, तुमच्या टाळूवर काहीतरी आहे, तो म्हणाला, ते टक्कल आहे. लोक हसतात, मीही हसतो. पण दुसरी खुर्ची आता रिकामी असते, आणि कंगव्याने डाग मोजणाऱ्या माणसापुढे कोण मान देईल?

११. आणखी एक कबुली द्यायची आहे. ती दिली नाही तर पहिलीला अर्थ नाही. एका गिऱ्हाइकाने अक्कल शिकवली की पलीकडच्या वस्तीच्या केंद्रात नवीन नाव-पत्त्याने नोंद केली तर नवा फोटो काढता येतो. मी विचार केला, एकदा तुरटी लावून तीळ भला दाखवला, आता कलप लावून वाईट दाखवू. एवढा वाईट, की पडद्यामागचा माणूस खुर्चीतून उठेल. जूनच्या रविवारी दादा खुर्चीत बसला. मी काळा कलप वाटीत कालवला. दादाने नेहमीसारखी मान पुढे टाकली. खुर्चीत बसला की तो डोळे मिटतो आणि मी काय करतो ते विचारत नाही. तिळाच्या कडेला ब्रश टेकला, तेव्हा तो म्हणाला, थंड काय लावतोस रे. मी म्हटले, काही नाही, साबण. आणि मग मला पुढे होईना. खरा तीळ आधी मी पांढऱ्याखाली झाकला होता, आता काळ्याखाली झाकणार होतो. कोणत्याच डॉक्टरला खरा तीळ दिसणार नव्हता. मी तो ठिपका पुसला, कलप मोरीत ओतला, आणि दादाचे केस कापले. तो जाताना म्हणाला, आज छान हलके वाटते. तेव्हा मला रडू फुटले.

१२. दुसऱ्या दिवसापासून मी आपल्या कक्षाला फोन लावू लागलो. महिनाभरात बत्तीस वेळा लावला. तेहेतिसाव्या वेळी, गेल्या शुक्रवारी, ज्या डॉक्टरबाईंनी तो फोटो पाहिला होता त्यांच्याशीच जोडून मिळाला. त्या दिवसाला एकशे चाळीस फोटो पाहतात. त्यांनी माझ्यासमोर, म्हणजे फोनवरच, दादाचा फोटो पुन्हा उघडला. म्हणाल्या, फोटो उत्तम आहे, यात काहीही नाही, इतका स्वच्छ फोटो आम्हाला क्वचित येतो. त्यांचा त्या यंत्रावर विश्वास आहे, आणि का नसावा? त्यांच्या सांगण्याप्रमाणे या सोयीमुळे आडबाजूचे कितीतरी लोक वेळेत सापडले. मी ते खोटे म्हणत नाही. मग मी त्यांना तुरटीचे सांगितले. आयुष्यात पहिल्यांदा ते तोंडातून बाहेर पडले. त्यांनी फॉर्मचे रकाने एकेक करून मला वाचून दाखवले. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हे लिहून द्या. माझ्याकडे हे नोंदवायला रकानाच नाही." आणखी एवढेच म्हणाल्या, उशीर करू नका. त्यांनी जे उच्चारले नाही ते मला ऐकू आले.

१३. म्हणून हे लिहून देतो. दिनांक ११ फेब्रुवारी रोजी सकाळी फोटोपूर्वी सदर तिळावर मी माझ्या हाताने वस्तरा, तुरटी व पावडर यांचा वापर केला. रुग्णास त्याचे परिणाम माहीत नव्हते, मलाही नव्हते. परिचारिका ताईंना यातले काही ठाऊक नव्हते. त्यांनी जागा पुसून का घेतली नाही, असा ठपका त्यांच्यावर ठेवू नये आणि प्रशस्तिपत्र काढून घेऊ नये. मी इतके सफाईदार काम करतो की त्यांना पुसण्यासारखे काही दिसलेच नसणार. डॉक्टरबाईंनाही दोष देऊ नये. ज्याला दोष द्यायचा तो अर्जदार म्हणून वर लिहिलेला आहे, दुकान सकाळी आठला उघडते.

१४. माझ्या मागण्या.

सदर फोटो रद्द करावा.

दादाचे नाव मोठ्या त्वचातज्ज्ञांच्या यादीत घालावे, तिळाचा तुकडा काढून तपासावा, आणि हे सगळे याच आठवड्यात व्हावे.

"फोटो असा असावा" हा तक्ता सगळ्या केंद्रांच्या भिंतींवरून उतरवावा. ताईंसाठी नाही, माझ्यासाठी नाही. आणखी कोणी धाकटा भाऊ आपल्या भावाला त्या फोटोसारखा साफसूफ करून आणील, म्हणून.

फॉर्मवर एक रकाना वाढवावा : आज सकाळी या जागेवर कोणी काही लावले आहे काय? एवढ्या एका ओळीने कितीतरी जीव वाचतील. ही मागणी मान्य करायला वर्ष लागले तरी चालेल. आधीच्या मागण्यांना चालणार नाही.

१५. याच आठवड्यात का, त्याचे कारण लिहायला माझा हात धजत नाही, पण लिहितो. परवाच्या रविवारी दादाची मान चोळताना कानाखाली माझ्या बोटाला गाठ लागली. हरभऱ्याएवढी, टणक, जागची हलत नाही. चार रविवारांपूर्वी ती नव्हती, याची मी शपथ घेतो. तीळ अकरा दात झाला आहे. गाठ कंगव्याने मोजता येत नाही. मी पुन्हा पुन्हा तिथेच बोट फिरवत राहिलो, तेव्हा दादा म्हणाला, बरे वाटते, आणखी चोळ.

१६. महोदय, आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो आणि दादा सतरा. मला शाळेत सोडून तो कामावर जायचा. हा धंदा मी त्याच्याच डोक्यावर शिकलो. सुरुवातीला त्याचे केस मी उंदराने कुरतडल्यासारखे कापायचो आणि तो तसाच कामावर जाऊन सगळ्यांना सांगायचा, माझ्या भावाने कापले. ज्या माणसाने मला कात्री शिकायला स्वतःचे डोके दिले, त्याच्यावरच माझा हात असा चालावा? मला जेवण जात नाही. वहिनी विचारतात, तुम्हाला काय झाले आहे, एकदा दाखवून घ्या.

१७. दादाला माझे म्हणणे पटत नाही, कारण खिशात आपला अहवाल आहे. माझ्यापेक्षा आपल्यावर त्याचा विश्वास जास्त आहे, आणि तसाच असायला हवा. म्हणून आज मी त्याला खोटे बोलून इथे आणले आहे. दुकानाच्या परवान्याचे काम आहे, घरचा एक माणूस साक्षीला लागतो, असे सांगितले. त्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे. त्याला तुरटीचे अजून काहीही माहीत नाही. हा अर्ज आपल्या टेबलावर पोचला की मी बाहेर जाऊन त्याच्या शेजारी बसणार आहे आणि त्याला सगळे सांगणार आहे. तो मला मारील, शिव्या देईल, किंवा काही बोलणार नाही. तिसरे झाले तर मला सहन होणार नाही. तेवढ्यात आपण दार उघडावे, एवढी मेहेरबानी करावी.

आपल्या एका नजरेसाठी ताटकळलेला,
(सही)
केशकर्तनालय चालक
दिनांक : १७ जुलै, मंगळवार, सकाळचे सव्वाअकरा

सोबत जोडलेली कागदपत्रे व वस्तू :

१. अहवालाची छायाप्रत. (मूळ अहवाल रुग्ण खिशातून काढून देत नाही.)

२. कंगवा, एक. चार, पाच, सहा, आठ व अकरा या दातांवर दोरा बांधून महिने चिकटवले आहेत.

३. तुरटीचा खडा, तोच. माझ्या दुकानात आता तुरटी नाही.

४. मूळ प्रत, पडताळणीसाठी. आपल्या दाराबाहेरच्या बाकावर, डावीकडून दुसरी. निळा शर्ट, हातांवर पांढऱ्या रंगाचे शिंतोडे. कानामागे आज काहीही लावलेले नाही, पाणीसुद्धा नाही. या प्रतीची नक्कल निघत नाही. काम झाल्यावर परत मिळावी.